पुराव्यादाखल कोंबडी

विर्जिल बालुत्सा कोर्टात गरीब होता. कोर्टाच्या पायऱ्या उतरला की त्याला गरीब म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गावातल्या तीनशे घरांपैकी अडीचशे घरांना त्याच्या कारखान्यातल्या पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या खिडक्या होत्या. शाळेला होत्या, दवाखान्याला होत्या, पाद्रीबाबांच्या घराला होत्या, आणि शहरातल्या ज्या कोर्टात तो पडेल चेहऱ्यानं उभा होता, त्या कोर्टालाही होत्या. पण कागदाचं म्हणणं वेगळं होतं. कागदाप्रमाणे कारखाना त्याच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईचा, आणि विर्जिल तिच्याकडे अर्धवेळ कामगार. दिवसाला चार तास. महिन्याकाठी हातात तेराशे लेई.

न्यायाधीश बाईंनी पगाराचा दाखला दोनदा वाचला. चाळिशीच्या, बारीक चष्म्याच्या, आवाज न चढवणाऱ्या बाई होत्या.

"एक मूल असेल तर बापाच्या निव्वळ कमाईच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत पोटगी देता येते," त्या म्हणाल्या. "तेराशेचा चौथा हिस्सा तीनशे पंचवीस."

"बाईसाहेब," विर्जिलची पहिली बायको स्मारांदा उठून उभी राहिली, "चार तासांत हा माणूस नुसता भांग पाडतो."

मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी तिकडे पाहिलं आणि खुसखुस थांबली.

"भांगाचा दाखला नाही ना मिळत," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता कमाई जास्त आहे. असेलही. पण मला कागद लागतो, नाहीतर साक्षीदार. तुमच्याकडे दोन्ही नाही. पुढच्या तारखेपर्यंत वेळ देते. काही मिळालं तर आणा. नाही मिळालं तर तीनशे पंचवीस."

स्मारांदाला स्वतःसाठी त्या नवऱ्याकडून काही नको होतं. घटस्फोटाला चार वर्षं झाली होती आणि त्या चारही वर्षांत तिची झोप सुधारली होती. प्रश्न होता इलिंकाचा. इलिंका बारा वर्षांची. भराभर उंच होत होती आणि जितकी उंच होत होती तितका तिचा कणा एका अंगाला कलत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मापाचा कडक पट्टा करून घ्या, दिवसरात्र बांधा. पोर वाढेल तसा दरवर्षी नवा लागेल. आत्ता केलंत तर पाठ वाचेल, दोन वर्षांनी आलात तर मी फक्त ऑपरेशनचं बोलेन. पट्ट्याची किंमत साडेचार हजार लेई. स्मारांदा गावच्या लग्नाच्या हॉलमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. लग्नं असली की पैसे, उपास लागले की लग्नं बंद आणि शिमगा.

बाहेरच्या व्हरांड्यात विर्जिलनं तिला गाठलं. कोर्टातला पडेल चेहरा त्यानं आतच सोडला होता.

"एवढं कशाला ताणतेस? वाढदिवसाला तिला विजेवरची स्कूटर देतो. लाल. सगळी गल्ली बघत राहील."

"गल्लीला काय बघायचं ते बघू दे. पोरीला पाठ हवीय."

"मी काय बाप नाही तिचा? माग ना, प्रेमानं माग. देतो."

"मागायचं नाहीये मला," स्मारांदा म्हणाली. "मला चौथा हिस्सा हवाय. खऱ्या कमाईचा. तो मागत नसतात, वाजवून घेतात."

"वाजव मग," विर्जिल म्हणाला आणि आपल्या खिडक्यांकडे एक कौतुकाची नजर टाकून निघून गेला.

*

साक्षीदार शोधायला स्मारांदा पहिल्यांदा गेली ती इस्पासकाकांकडे. इस्पासकाका म्हणजे गावाचा आवाज. लग्नात जेवणं झाली की पाहुणे आहेराचं पाकीट देतात. ते उघडून, मोजून, कुणी किती दिले ते माइकवरून ओरडून सांगायचं काम चाळीस वर्षं त्यांच्याकडे. त्यांनी आकडा पुकारला की त्यावर शंका घेणारा माणूस त्या पंचक्रोशीत जन्मला नव्हता.

"साक्ष?" काकांनी आलुबुखाराच्या दारूचा छोटा पेला खाली ठेवला. "विर्जिलच्या विरुद्ध? पोरी, हे बघ." त्यांनी खिडकी दाखवली. "हिचे अजून चार हप्ते राहिलेत. डिसेंबरात येऊन काढून नेली तर मी काय गोधडी लावू भोकाला?"

पाद्रीबाबा म्हणाले, देव सगळं बघतो. देवाला समन्स काढता येतं का ते त्यांनी सांगितलं नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, आमचं मत तुझ्याच बाजूनं आहे, फक्त आमचं नाव घेऊ नकोस. आठ दिवसांत स्मारांदानं सोळा घरं पालथी घातली, सोळा ठिकाणी कॉफी प्यायली आणि रिकाम्या हातानं, धडधडत्या छातीनं घरी आली. धडधड अर्थात कॉफीची होती, पण मनाला बरं वाटेना.

*

सप्टेंबरात गावच्या सरपंचाच्या पुतण्याचं लग्न लागलं. नवरी शेजारच्या गावची, बाप मेंढ्यांचा बडा व्यापारी. धर्मपिता कोण? विर्जिल बालुत्सा. चर्चमध्ये वधूवरांशेजारी पुरुषभर उंच मेणबत्ती धरून तोच उभा, आणि बाजूला त्याची दुसरी बायको, चमकीच्या झग्यात, हलली की भिंतीवर उजेड हलायचा. धर्मपिता होणं हा मान असतो आणि मान स्वस्त नसतो. गेल्या तीन वर्षांतलं विर्जिलचं हे तिसरं धर्मपितेपण.

स्मारांदा स्वयंपाकघरात होती. कोबीच्या पानांत खिमा गुंडाळण्यात तिचे हात पहाटेपासून गुंतलेले. आणि मग मध्यरात्र उलटल्यावर कोंबडीची वेळ आली.

कोंबडीचं असं असतं, की मुख्य स्वयंपाकीण भाजलेली अख्खी कोंबडी रंगीत कागदांनी, गाजरांनी, कांद्याच्या पातीनं नटवते, तिच्या चोचीत सिगरेट खोचते, आणि ती परात डोक्यावर घेऊन अकॉर्डियनच्या तालावर नाचत नाचत धर्मपित्यासमोर येते. मग घासाघीस. चारशे लोकांसमोर. धर्मपित्यानं कोंबडी विकत घेतल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही, आणि धर्मपित्यानं पहिल्या बोलीत घेतली तर लोकांना मजा येत नाही. मिळालेले पैसे स्वयंपाकघरातल्या पाच बायकांत वाटले जातात.

"तू जाऊ नकोस," बाकीच्या चौघी म्हणाल्या. "आम्हांतली कुणीतरी जाते."

"मुख्य स्वयंपाकीण कोण आहे?" स्मारांदानं विचारलं, आणि परात उचलली.

ती हॉलमध्ये शिरली तसा अकॉर्डियनवाला क्षणभर चुकला. चारशे माणसं आधी गप्प झाली आणि मग, असं काही आयुष्यात पुन्हा बघायला मिळणार नाही हे ओळखून, खुर्च्या पुढे ओढायला लागली.

"धर्मपिताजी, कोंबडी घ्यायची का?" स्मारांदा गोल गिरकी घेऊन म्हणाली.

विर्जिलनं ओठांवर हसू ओढून आणलं. "केवढ्याला?"

"दोन हजार."

"दोन हजार! सोन्याची अंडी घालते काय?"

"अंडी घालायचे दिवस गेले हो तिचे. नवऱ्यानं टाकली, तेव्हापासून नुसती भाजून निघतेय."

बायकांच्या टेबलावरून टाळ्या आल्या.

"पाचशे देतो," विर्जिल म्हणाला. "बारीक आहे. हाडंच दिसतायत."

"हाडं मोजताय? मोजा. हाडांचा खर्च फार असतो, धर्मपिताजी, मला विचारा."

"सातशे. आणि परात तुझी तुला."

स्मारांदा थांबली. परात तिनं डोक्यावरून उतरवून त्याच्यासमोर ठेवली आणि अगदी मऊ आवाजात, पण माइक जवळ आहे याचं पूर्ण भान ठेवून, म्हणाली, "सातशेच? राहू दे मग. गरीब माणसाकडून जास्त घेत नाही मी. परवडत नसेल तर मोकळेपणानं सांगा, गाव समजून घेईल."

अकॉर्डियन थांबलं. नवरीच्या बापानं, त्या मेंढ्यांच्या व्यापाऱ्यानं, मान वळवून आपल्या लेकीच्या धर्मपित्याकडे पाहिलं. मेंढी घेण्याआधी दात बघतात तसं.

"गरीब?" विर्जिलचे कान लाल झाले. "मी गरीब?" त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून नोटांची चळत काढली आणि मोजण्याचा कमीपणा न घेता परातीत टाकली. "घ्या! पंधराशे! आणि कोंबडी तुम्हीच खा!"

हॉल गर्जला. आणि त्या गर्जनेतच, खुन्नस भागली नव्हती म्हणून की काय, त्यानं आपलं आहेराचं पाकीट इस्पासकाकांच्या हातात कोंबलं. काकांनी पाकीट उघडलं, थुंकी लावून मोजलं, माइकला फुंकर मारली.

"धर्मपिता विर्जिल बालुत्सा आणि सौभाग्यवती, पाच हजार युरो! देव त्यांना दुपटीनं देवो!"

स्मारांदा परात घेऊन स्वयंपाकघरात परतली. गरम कढईला टेकून उभी राहिली आणि बोटांवर हिशेब केला. पंधराशे भागिले तीनशे पंचवीस. एका भाजलेल्या कोंबडीची किंमत, इलिंकाचे साडेचार महिने.

"रडतेस की काय?" एकीनं विचारलं.

"नाही गं," स्मारांदा म्हणाली. "सोळा घरांत मी चुकीचा प्रश्न विचारत होते, तेवढंच कळलं."

*

सोमवारी ती पुन्हा इस्पासकाकांकडे गेली.

"खिडकीचं बोलून झालंय आपलं," काका म्हणाले.

"खिडकीचं नाही, काका. गावाच्या अब्रूचं बोलायला आलेय. विर्जिलनं कोर्टात लिहून दिलंय की तो महिना तेराशे कमावतो."

"मग?"

"मग तुम्ही माइकवरून काय पुकारलंत? पाच हजार युरो. म्हणजे पंचवीस हजार लेई. तेराशे लेई कमावणाऱ्याकडे पाच हजार युरो कुठून येणार? म्हणजे एकतर तो कोर्टात खोटं बोलला, नाहीतर तुम्ही माइकवर."

काकांच्या मिशा हलल्या. "मी? चाळीस वर्षांत मी एक लेई इकडचा तिकडे पुकारला नाही! एकदा माझ्या सख्ख्या भावानं वीस घातले होते, तर वीसच पुकारले. अजून बोलत नाही तो माझ्याशी!"

"तेच म्हणते मी. विर्जिलच्या विरुद्ध कुणी बोलायचं नाही. फक्त कोर्टात येऊन त्याची तारीफ करायची. किती दिले, कसे दिले, हात कसा सढळ. चांगल्या माणसाला कोर्ट भिकारी ठरवायला निघालंय, आणि आपण गप्प बसायचं?"

काका उठून टोपी शोधायला लागले. तारीख तीन आठवड्यांनी होती, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

सोळाच्या सोळा घरांत हेच झालं. विरुद्ध बोलायला ज्यांची जीभ टाळ्याला चिकटली होती, ते तारीफ करायला एका पायावर तयार झाले. विर्जिलच्या कानावर गेलं की गाव त्याच्या बाजूनं कोर्टात येणार आहे. त्यानं दोन मिनीबस स्वतःच्या खर्चानं ठरवल्या.

*

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून दालन पाहिलं. बाकं भरून भिंतीला लागून माणसं उभी होती.

"हे सगळे कोण?"

"साक्षीदार, बाईसाहेब," स्मारांदा म्हणाली.

"माझ्या बाजूचे," विर्जिल म्हणाला.

"दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी या प्रकरणात पहिल्यांदाच बघतेय," बाई म्हणाल्या. "तीन जणांना ऐकेन. बाकीच्यांनी शांत बसायचं."

इस्पासकाकांनी क्रूसावर हात ठेवून शपथ घेतली आणि माइक नसल्यामुळे नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलले.

"विर्जिल बालुत्सासारखा दिलदार माणूस नाही! पाच हजार युरो! मी स्वतः मोजले! गेल्या वर्षी चार हजार, त्याच्या आदल्या वर्षी साडेतीन! आणि कोंबडीला पंधराशे लेई, न मोजता!"

"कोंबडीला?" बाईंनी विचारलं.

"भाजलेल्या, बाईसाहेब."

टंकलेखन करणाऱ्या कारकुनानं वर पाहिलं. "कोंबडी लिहू का?"

"लिहा," बाई म्हणाल्या. "पंधराशे लेईची आहे."

विर्जिलच्या वकिलाला पाणी कुठवर आलंय ते आता कळलं. तो अशिलाच्या कानाला लागला, पण तो वकील सर्दीनं घोगरा झाला होता, त्यामुळे कुजबुज पहिल्या तीन बाकांना ऐकू गेली. "सांगा, पाकीट उसन्या पैशांचं होतं. किंवा सरळ सांगा, नोटांखाली कागद भरला होता. दिखावा. एवढं म्हणालात तर सुटाल."

दुसऱ्या बाकावर मेंढ्यांचा व्यापारी बसला होता. तो नुसता पुढे वाकून बसला.

"उत्तर द्या," बाई विर्जिलला म्हणाल्या. "पाच हजार युरो दिलेत?"

विर्जिलनं एकदा वकिलाकडे पाहिलं, एकदा व्यापाऱ्याकडे. उसने म्हणावं, तर सात गावांत तोंड दाखवायची सोय नाही. कागद म्हणावं, तर इस्पासकाका इथेच काठी उगारतील. स्मारांदा त्याच्याकडे बघत होती.   एक शब्द, एवढासा खोटा शब्द, आणि इलिंकाची पाठ तीनशे पंचवीसच्या हवाली.

"माझ्या अशिलाला स्मरत नाही," वकील म्हणाला. "त्याऐवजी आम्ही कारखान्याच्या मालकीणबाईंना साक्षीला बोलावतो. त्या अर्धवेळ नोकरीचं सांगतील."

पारास्किवाआजी, विर्जिलची आई, काळा रुमाल नीट करत पुढे आली. तिला वकिलानं गाडीत सगळं पढवलं होतं.

"आजी, तुमचा मुलगा तुमच्याकडे किती तास काम करतो?"

"चार," आजी म्हणाली. पाठांतर चोख होतं.

"आणि त्याची परिस्थिती बेताची आहे ना?"

हे पाठांतरात होतंच. पण गाडीत म्हणणं वेगळं आणि सगळ्या गावासमोर, त्या मेंढीवाल्यासमोर म्हणणं वेगळं. आजीनं मान वर केली.

"कुणाची बेताची? माझ्या विर्जिलची?"

"आजी, आपण बोललो होतो..."

"तू बोलला होतास. मी ऐकत होते. माझ्या पोराला मी अनवाणी पायानं शाळेत पाठवलं, पण आज चर्चची घंटा त्याच्या पैशांची आहे. बेताची म्हणे!"

"मालकीणबाई," न्यायाधीश बाई हळूच म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुमच्या कारखान्यानं किती खिडक्या विकल्या?"

"माझ्या?" आजी मनापासून हसली. "बाळा, माझ्याकडे नऊ कोंबड्या आणि एक आंधळी शेळी आहे. खिडक्या सगळ्या त्याच्या. मी फक्त सही करते, तीसुद्धा तो बोट ठेवतो तिथे."

वकिलानं फाइल मिटली. दालनातून समाधानाची एक लाट गेली. गावाला वाटलं, आता कशी विर्जिलची अब्रू वाचली.

आणि खरं म्हणजे विर्जिललाही तसंच वाटलं. त्याची पाठ सरळ झाली. तो उठला.

"दिले," तो म्हणाला. "पाच हजार दिले. माझे होते, कुणाचे उसने नाहीत. विर्जिल बालुत्सा रिकामं पाकीट देत नाही!"

टाळ्या पडल्या. बाईंनी टेबलावर पेन वाजवलं आणि मग त्याच पेनानं हिशेब मांडला.  पेनाचा आवाज येत होता. पगाराचा दाखला विश्वासार्ह नाही, त्या वाचत गेल्या. राहणीमान, मालकिणीची साक्ष आणि बापाची स्वतःची कबुली पाहता निव्वळ कमाई महिना किमान सात हजार दोनशे लेई धरण्यात येते. चौथा हिस्सा, अठराशे. अर्ज दाखल केल्या तारखेपासून, म्हणजे मागच्या पाच महिन्यांसकट.

"बाईसाहेब," स्मारांदा म्हणाली, "सात हजार दोनशे कमीच आहे तसं."

"बाई," न्यायाधीश म्हणाल्या, "आज घासाघीस पुरे झाली."

व्हरांड्यात माणसं विर्जिलचा हात हातात घेत होती, खांदे थोपटत होती. वकील गर्दीतून वाट काढत आला. "अपील करू. तीस दिवस आहेत. वरच्या कोर्टात सिद्ध करू की तुमची ऐपत नाही."

"हळू बोल!" विर्जिलनं दात आवळले. मेंढ्यांचा व्यापारी चार पावलांवर होता आणि आता पहिल्यांदाच आदरानं हसत होता. "ऐपत नाही काय? माझी? पुन्हा हा शब्द तोंडातून काढलास तर तुझी फी बुडवीन."

मग तो स्मारांदाकडे वळला. चेहऱ्यावर राग होता, पण रागाला नीट बसायला जागा सापडत नव्हती. "तू मला फसवलंस."

"मी? मी तर म्हणाले होते, सातशेला राहू दे."

*

पट्टे करणारा कारागीर शहरात, रेल्वे स्टेशनच्या मागे बसायचा. अबोल, हातावर प्लास्टर सुकलेलं. त्यानं इलिंकाला ताठ उभं केलं, काखेपासून कमरेपर्यंत फीत फिरवली, आकडे लिहिले. स्मारांदानं पाकिटातून साडेचार हजार मोजून टेबलावर ठेवले. एकाच वेळी, पूर्ण.

"पुढच्या वर्षी नवा लागेल," तो म्हणाला.

"लागू दे," स्मारांदा म्हणाली. "त्याच्या पुढच्याही."

कारागिरानं नमुन्यांची पाटी पुढे केली. पांढरा, कातडीच्या रंगाचा, फिका निळा, आणि एका कोपऱ्यात, बहुधा कुणी कधीच मागितला नसेल असा, वाघाच्या पट्ट्यांचा भडक नारिंगी.

"मुली बहुतेक कातडीच्या रंगाचा घेतात," तो म्हणाला. "कपड्यांखालून दिसत नाही."

"हा," इलिंका म्हणाली आणि नारिंगीवर बोट ठेवलं.

"हा शर्टातून दिसेल, बाळ. शाळेत सगळ्यांना कळेल."

"कळू दे की," इलिंका म्हणाली. "साडेचार हजार दिलेत. कुणाला दिसलाच नाही तर काय उपयोग?"

स्मारांदानं लेकीकडे पाहिलं. तो वर उचललेला हनुवटीचा कोन, ते लाल झालेले कान. चार वर्षं झाली होती हे सगळं घरातून घालवून, आणि ते इथे उभं होतं, वाकड्या पाठीनं, ताठ मानेनं. तिला हसावं की डोकं धरावं कळेना. शेवटी ती कारागिराला म्हणाली, "नारिंगी करा. आणि पट्टे जरा ठसठशीत येऊ द्या."